उष्णतेची वाट

संगणक चालूच राहू द्या. त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसा. पडद्यावर तापमान दाखवणारी खिडकी उघडी असेल तर ती तूर्त खाली करून ठेवा. त्या आकड्याकडे आपण येणार आहोत, पण घाईनं नाही. पाठ टेका, खांदे सैल सोडा आणि आधी फक्त ऐका. छताच्या पंख्याचा आवाज मनातल्या मनात बाजूला काढा. रस्त्यावरची रहदारी बाजूला काढा. मग जो बारीक, सलग आवाज उरेल तो कॅबिनेटमधल्या पंख्यांचा. तो एकसारखा आहे, की मध्येच चढतो आणि उतरतो? चढत-उतरत असेल तरी आत्ता नुसतं ऐका.

प्रोसेसरच्या तापमानाकडे घरातलं माणूस पहिल्यांदा वळतं ते बहुधा धास्तीनं. मुलानं नवा गेम सुरू केलेला असतो किंवा लग्नाच्या व्हिडिओचं संकलन चाललेलं असतं. कुणीतरी कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो असं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर बसवून दिलेलं असतं आणि तिथे ८२ दिसतं. ८२ अंश सेल्सिअस म्हणजे हात लावला तर भाजेल. घरच्या पैशातून, पुष्कळदा हप्त्यांवर घेतलेलं यंत्र जळून तर जाणार नाही ना? ही धास्ती खरी आहे आणि तिच्यात काळजी आहे, म्हणून तिला झटकून टाकायचं कारण नाही. तिला शेजारी बसू द्या. आपण फक्त एक साधा प्रश्न घेऊन पुढे जाऊ: ही उष्णता येते कुठून, आणि तिला जायचंय कुठे?

डोळे मिटा. कॅबिनेटच्या पत्र्यातून आत, पंख्याच्या पात्यांमधून खाली, हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्याही खाली चला. तिथे सिलिकॉनचा एक तुकडा आहे. उदाहरणाला घरोघरी दिसणारा इंटेल कोअर आय५-१२४०० घेऊ. त्याचा सिलिकॉनचा तुकडा दीड-दोन चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. त्यावर अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत आणि त्यांतला प्रत्येक जण सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होऊ शकतो. दर वेळी एक सूक्ष्म विद्युतभार भरला जातो आणि रिकामा होतो. त्यात खर्च झालेली ऊर्जा कुठेही साठत नाही. तिचा प्रकाश होत नाही, गती होत नाही. गणित झालं, उत्तर पडद्यावर आलं, आणि आत शिरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन उरली. ६५ वॅट आत गेले तर ६५ वॅट बाहेर यायलाच हवेत.

इथे थोडं थांबू या. आयबीएममधले भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ साली दाखवून दिलं की माहितीचा एक बिट पुसायचा तर निसर्ग त्याची किमान किंमत उष्णतेच्या रूपात घेतोच. ती किंमत अतिशय सूक्ष्म आहे, आणि आजचे प्रोसेसर तिच्या कितीतरी पट जास्त ऊर्जा खर्च करतात. पण मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. संगणक तापतो हा त्याचा दोष नव्हे. जुनं पुसून नवं लिहिणारं कुठलंही यंत्र थोडंतरी तापणारच.

आता ही उष्णता किती दाटीवाटीनं तयार होते ते मनासमोर आणा. ६५ वॅट, दीड-दोन चौरस सेंटीमीटरवर. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरमागे तीस ते चाळीस वॅट. मे महिन्याच्या भर दुपारी उघड्या जमिनीवर पडणारं ऊन एका चौरस सेंटीमीटरला साधारण ०.१ वॅट देतं. तीनशे-चारशे पट दाटीची उष्णता त्या नखाएवढ्या जागेत जन्माला येते आहे, सतत, तुम्ही हे वाचत असतानाही. शिवाय ६५ हा झाला या प्रोसेसरचा पायाभूत आकडा. टर्बोच्या, म्हणजे तात्पुरत्या वाढीव वेगाच्या जोरावर तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. थोरल्या भावंडांपैकी कोअर आय९-१३९००के तर २५३ वॅटपर्यंत. एवढी उष्णता जागच्या जागी थांबली, तर काही सेकंदांत सगळं संपेल. ती थांबत नाही, कारण तिला वाट करून दिलेली आहे.

त्या वाटेनं आपण तिच्यासोबत चालू. सावकाश.

पहिला टप्पा सोपा आहे. सिलिकॉन उष्णतेचा बरा वाहक आहे. त्याच्यावर तांब्याचं, निकेलचा मुलामा दिलेलं झाकण असतं. तुकडा आणि झाकण यांच्यामध्ये काही प्रोसेसरांत धातूचं डाखकाम असतं, काहींत पेस्ट. झाकणाशी आल्यावर उष्णतेला जरा पसरायला जागा मिळते. आणि मग येतो तो सांधा, ज्याच्यापाशी मला सगळ्यात जास्त रेंगाळावंसं वाटतं: झाकणाचा वरचा पृष्ठभाग आणि हीटसिंकचा तळ.

दोन्ही सपाट, दोन्ही चकचकीत. बोट फिरवलं तर गुळगुळीत. पण सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर दोन्हीकडे डोंगर-दऱ्या. एकावर एक ठेवले की ते मोजक्या शिखरांवर टेकतात आणि बाकीच्या दऱ्यांत हवा अडकते. तांबं हवेपेक्षा उष्णता सुमारे पंधरा हजार पट चांगली वाहून नेतं. म्हणून कागदाहून पातळ असा हा हवेचा थर उष्णतेपुढे भिंत होऊन उभा राहतो. थर्मल पेस्ट त्या दऱ्या भरते. पेस्ट स्वतः काही मोठी वाहक नाही. हवेच्या दोनशे-तीनशे पट चांगली, पण तांब्याच्या पन्नासाव्या-साठाव्या हिश्श्याएवढीच. म्हणूनच ती जाड लावली की उलट आडवी येते. वाटाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवायचा आणि पसरवायचं काम हीटसिंकच्या दाबावर सोडायचं. नव्या हीटसिंकच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. तो काढायचा राहिला तर पेस्ट कितीही महाग असो, उष्णता त्या पापुद्र्याशी अडून बसते. नव्या यंत्राचं तापमान पहिल्याच दिवशी नव्वदीला टेकलं तर आधी हाच पापुद्रा आठवावा.

पुढे चला. हीटसिंकचा तळ, आणि तिथून वर चढणाऱ्या तांब्याच्या नळ्या. प्रोसेसरसोबत खोक्यात आलेल्या लहान हीटसिंकमध्ये बहुधा या नळ्या नसतात; वेगळा विकत घेतलेला उंच हीटसिंक असेल तर असतात. या नळ्या भरीव नाहीत. आत हवा काढून टाकलेली पोकळी आहे आणि थोडंसं पाणी. दाब इतका कमी की ते पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ खाली उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ वरच्या थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत खाली परत येते. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखवली. घरातल्या माठाकडे एकदा बघा. त्याच्या अंगातून पाझरलेलं पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. नळीतही पाणी तेच करतं. फरक एवढाच की माठाचं पाणी हवेत निघून जातं, आणि नळीतलं थेंबन् थेंब पुन्हा कामावर रुजू होतं. ना पंप, ना हलणारा भाग.

नळ्यांमधून पत्र्यांच्या पापुद्र्यांत, पापुद्र्यांमधून हवेत. इथून पुढे सगळी मदार हवेवर आहे आणि हवा ही फार हलकी हमाल आहे. हिशेब करून पाहा. एका घनमीटर हवेला एक अंशानं तापवायला सुमारे १,२०० ज्यूल लागतात. कॅबिनेटमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड वगैरे मिळून २०० वॅट उष्णता तयार होत असेल आणि आतली हवा खोलीपेक्षा दहाच अंशांनी जास्त तापावी असं वाटत असेल, तर दर मिनिटाला एक घनमीटर हवा कॅबिनेटमधून वाहून जायला हवी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी हवेची पेटी, दर मिनिटाला एक. ही हवा समोरून आत येते ना? मागून बाहेर जाते ना? डोळे उघडा आणि पाहा. आपल्याकडच्या संगणकाच्या टेबलांना कॅबिनेटसाठी लाकडी खण असतो, तीन बाजूंनी बंद. मागून बाहेर पडलेली गरम हवा भिंतीवर आपटते, खणात फिरते आणि समोरून पुन्हा आत शिरते. मग पंखे कितीही जोरात फिरोत, तीच तापलेली हवा ते पुन्हा पुन्हा घुसळत राहतात. कॅबिनेट खणातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवणं हा एक पैसाही न लागणारा उपाय आहे, आणि पुष्कळ घरांत तेवढाच पुरतो. धूळ बसू नये म्हणून शिवलेलं कापडी कव्हर यंत्र चालू असताना अर्धवट टाकलेलं असेल तर तेही आत्ताच काढून ठेवा.

शेवटचा टप्पा तुमची खोली. उष्णता आता तिथे आली आहे, जिथे तुम्ही बसला आहात.

एक दीर्घ श्वास घ्या आणि हवा कशी आहे ते त्वचेला विचारा. पंखा लावून प्रोसेसर खोलीपेक्षा थंड करता येत नाही. पाण्याच्या नळ्या आणि रेडिएटर असलेली महागडी व्यवस्थाही ते करू शकत नाही, कारण तिलाही शेवटी खोलीतल्या हवेतच उष्णता टाकायची आहे. हीटसिंक करतो ते एवढंच: प्रोसेसर आणि खोली यांच्यातला फरक कमी ठेवतो. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडेच वाहते, आणि ६५ वॅट वाहून न्यायला विशिष्ट हीटसिंकला विशिष्ट फरक लागतो. समजा तो फरक ४५ अंशांचा आहे. जानेवारीत खोलीत २२ असताना प्रोसेसर ६७ दाखवील. मे महिन्यात, नागपूर-चंद्रपूरकडे खोलीत ४० असताना तोच प्रोसेसर, तोच हीटसिंक, तेच काम, आणि आकडा ८५. यंत्रात काहीही बिघडलेलं नाही. ऋतू बदलला आहे.

या ठिकाणी तुमच्या शरीराचाही विचार करा. शांत बसलेलं माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. खोलीला तापवण्यात तुम्ही आणि संगणक जवळपास बरोबरीचे भागीदार आहात. पण तुम्हाला घाम येतो, संगणकाला येत नाही. म्हणून मुंबईची ३३ अंशांची दमट दुपार तुम्हाला नकोशी होते आणि प्रोसेसरला तिचं काही वाटत नाही. नागपूरची ४३ अंशांची कोरडी दुपार प्रोसेसरला जड जाते. विदर्भात खिडकीत बसवलेला कूलर खोलीचं तापमान बरंच खाली आणतो, तेव्हा तो संगणकालाही तितकाच उपयोगी पडतो. दमट हवेनं आत पाणी धरेल ही भीती मनातून काढा. पाणी धरतं ते हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर, आणि चालू संगणकातला प्रत्येक भाग हवेपेक्षा गरम असतो. मात्र कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि ते वाळले की क्षार मागे राहतात.

आता ती खाली करून ठेवलेली खिडकी उघडा.

आकडा पाहा. लगेच बरं-वाईट ठरवू नका. हा आकडा सिलिकॉनच्या आत कोरलेल्या संवेदकाकडून येतो. इंटेलचा संवेदक कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत ते मोजतो आणि सॉफ्टवेअर ते मर्यादेतून वजा करून दाखवतं. मर्यादेजवळ तो अधिक भरवशाचा असतो. खाली, तीस-चाळीसच्या घरात, दोन-चार अंश इकडे-तिकडे. २०१७ साली आलेल्या एएमडीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांत तर दाखवला जाणारा आकडा खऱ्यापेक्षा २० अंशांनी मुद्दाम जास्त ठेवलेला होता, पंख्यांनी वेळेवर वेग धरावा म्हणून. त्या काळी कितीतरी जण त्या वाढीव वीस अंशांनी घाबरले असतील. तेव्हा आकड्याकडे पाहताना तो कुणी, कुठून मोजला, हे आधी विचारावं.

आणि मर्यादा कुणी ठरवली तेही. कोअर आय५-१२४०० ची कमाल मर्यादा १०० अंश आहे. रायझन ७ ५८००एक्स ची ९०, ७८००एक्स३डी ची ८९, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. ही बनवणाऱ्यांनीच जाहीर केलेली हद्द आहे, आणि हद्दीशी पोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, तो स्वतःचा वेग आणि व्होल्टेज उतरवतो. तरीही तापमान चढतच राहिलं, तर यंत्र स्वतःच बंद पडतं. नेहमी असं नव्हतं. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं चालू संगणकांवरचे हीटसिंक काढून घेतानाचं चित्रण प्रसिद्ध केलं. पेंटियम ४ वर चाललेला गेम रांगायला लागला, पण प्रोसेसर वाचला. एएमडीचे त्या वेळचे अ‍ॅथलॉन धूर सोडून गेले. आपल्या मनातल्या धास्तीत त्या जुन्या काळाचा थोडा अंश अजून आहे. आजचा प्रोसेसर कुणाच्याही घरात स्वतःला सांभाळतो.

माझं मत विचाराल तर असं: काही काम चालू नसताना ३५ ते ५०, गेम खेळताना ६० ते ८०, व्हिडिओचं संकलन किंवा तसं सगळे कोअर जुंपणारं काम चालू असताना ८५-९०, यात काळजीचं काहीच नाही. उन्हाळ्यात यात पाच-दहा अंश मिळवा. हद्दीला सतत टेकून राहिलेला आकडा मात्र काहीतरी सांगतो आहे. पेशन्स खेळतानाच ९५ दिसत असेल तर वाट कुठेतरी नक्की तुंबली आहे. रायझन ७००० च्या वरच्या प्रोसेसरांचा अपवाद लक्षात ठेवा. पूर्ण ताणाखाली ९५ गाठायचं आणि तिथेच राहायचं, अशीच त्यांची रचना आहे. त्यांच्या बाबतीत तापमान सोडून वेग पाहावा.

ब्राउझर उघडला की आकडा क्षणात पंधरा अंशांनी उडी घेतो आणि खाली येतो, हेही दिसेल. एखादा कोअर क्षणभर पूर्ण वेगानं धावला आणि सिलिकॉन लगेच तापलं; हीटसिंक मात्र अजून गारच आहे. सुरुवातीला ऐकलेली पंख्याची चढ-उतार याच उड्यांमागे धावल्यामुळे होते. बायॉसमध्ये पंख्याला दोन-चार सेकंदांचा विलंब दिला की तो शांत होतो. तापमानाला त्यानं काहीही होत नाही.

वाट कुठे तुंबली हे ओळखायला हात पुरतो. यंत्रावर अर्धा तास ताण द्या, तापमान नोंदवा, मग यंत्र बंद करून प्लग काढा. पंखे पूर्ण थांबले की कॅबिनेटची बाजू उघडून हीटसिंकच्या पत्र्यांना बोट हलकेच टेकवा. पडद्यावर ९५ होतं आणि पत्रे जेमतेम कोमट? मग उष्णता तिथवर पोचलेलीच नाही: पेस्ट वाळली आहे, किंवा हीटसिंकची एखादी खुंटी मदरबोर्डमधून सुटली आहे. पत्रेही चांगलेच तापलेत? मग पोचली आहे, पण तिला नेणारं कुणी नाही: धूळ, थकलेला पंखा, कोंडलेली हवा. दुसरी चाचणी आणखी सोपी. बाजूचा पत्रा उघडा ठेवून तेच काम पुन्हा करून पाहा. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला तर दोष कॅबिनेटच्या हवेचा. हलला नाही तर हीटसिंकचा.

धूळ काढताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मग ब्रश किंवा ब्लोअर चालवा. हीटसिंक काढायचाच असेल आणि प्रोसेसर एएम४ सॉकेटचा रायझन असेल, तर आधी यंत्र थोडं वापरून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करा आणि हीटसिंक किंचित पिळत उचला. सरळ ओढला तर चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला हीटसिंकांच्या सगळ्या चर्चेपेक्षा महत्त्वाची वाटते. ट्रान्झिस्टरांच्या चालू-बंद होण्यात जाणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं तर त्याच वेगाला उष्णता जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटते. शेवटचा थोडासा वेग मिळवायला प्रोसेसर सगळ्यात जास्त व्होल्टेज मागतो, म्हणून त्या थोड्याशा वेगावर पाणी सोडलं की खूप उष्णता जन्मालाच येत नाही. रायझनच्या मदरबोर्डांवर यासाठी इको मोड आहे. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक इंटेल यंत्रांत टर्बो थांबतो. आय५-१२४०० तेव्हा ४.४ ऐवजी २.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालेल. व्हिडिओच्या कामात हे जाणवेल. पत्रं लिहिण्यात, बँकेच्या कामात, मुलांच्या शाळेच्या प्रकल्पात जाणवणार नाही. एप्रिल-मेमधल्या दुपारी एवढं केलं तर पंखा बदलायचा विचारही करावा लागत नाही.

उठण्यापूर्वी एक करा. खोलीचं तापमान पाहा, नेहमीच्या एखाद्या जड कामाखालचं प्रोसेसरचं तापमान पाहा, आणि दोन्हींतला फरक तारखेसह कागदावर लिहून कॅबिनेटच्या पत्र्याला आतून चिकटवा. दिवाळीच्या साफसफाईत धूळ काढाल तेव्हा तेच काम करून पुन्हा फरक काढा. तो तेवढाच असेल तर पेस्टला हात लावू नका. धूळ काढूनही पाच-सात अंशांनी वाढलेला असेल तर पेस्टची एक नळी आणि जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायची वेळ झाली आहे.